तैलरंगात उन्हातलं बंदर रंगवलं, पण पाणी चमकत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पांढरा जास्त झालेला असतो. टिटॅनियम व्हाइट घालत गेलं की रंग उजळतो खरा, पण पिठूळ आणि थंड होतो, ऊन निघून जातं. फ्रेंच चित्रकार मोनेचं फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचं १८७२ चं चित्र 'इंप्रेशन, सनराइज' मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. नारिंगी सूर्य आकाशात जवळजवळ विरून जातो, कारण दोघांचा उजेड सारखाच आहे. तो तळपतो भोवतीच्या निळ्या-करड्या रंगामुळे!

म्हणून आधी सावल्या पक्क्या करा. कोकणातल्या हर्णै बंदरात संध्याकाळी सूर्य समोर असतो, होड्यांची आपल्याकडची बाजू अंधारात जाते. तिथे ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, त्या काळ्यात जीव असतो. ऊन सरकत राहतं, तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत सावल्या टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडून घ्या आणि नंतर कितीही मोह झाला तरी त्या हलवू नका. जवसाचं तेल मिसळायचं ते नंतरच्या, वरच्या थरांत.

प्रतिबिंबाचं एक लक्षात ठेवा: गडद होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा थोडं फिकं, पांढऱ्या होडीचं थोडं गडद. हे साधलं की पाणी आपोआप आडवं पडतं.

चमक अगदी शेवटी. पांढऱ्यात किंचित कॅडमियम यलो, पॅलेट नाइफच्या टोकावर जाडसर घेऊन, आडवे तुटक फटकारे. दहा-बारा पुरेत. सूर्याखालच्या पट्ट्यात दाट, कडेला विरळ.