ताप वेगळा, ऊन लागणं वेगळं

प्रश्न : मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आलेल्या दिरांना ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलं होतं, बरळत होते. घरातली तापाची गोळी दिली, पण उतार पडला नाही. दवाखान्यात म्हणाले, गोळी द्यायलाच नको होती. असं का?
— एक वाचक भगिनी, कुरखेडा तालुका (गडचिरोली)

उत्तर : मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या वर, बदामाएवढा हायपोथॅलॅमस असतो. वजन जेमतेम 4 ग्रॅम. अंगात 98-99 फॅरनहाइट राखायचं, हे तो ठरवतो. मलेरिया किंवा टायफॉइडमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि हायपोथॅलॅमस स्वतःच तो आकडा 102-103 वर नेऊन ठेवतो. म्हणून अंग तापत असतानाही थंडी वाजते, गोधडी लागते. पॅरासिटामॉल, म्हणजे तापाची नेहमीची गोळी, हे द्रव्य कमी करते, आकडा खाली येतो आणि घाम फुटून ताप उतरतो.

ऊन लागतं तेव्हा आकडा 98 वरच असतो. हायपोथॅलॅमस कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम सोडतो, पण उष्णता बाहेर जात नाही. बाहेर 44-45 अंश सेल्सिअस असताना हवाच अंगाला तापवते, वर कामाने स्नायू तापतात. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो, पण पाणी संपलं की तोही मार्ग बंद. अंग 104 फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदू गडबडतो. गोळीने खाली आणायचा तो आकडा इथे चढलेलाच नसतो. उलट उष्णतेने यकृत आधीच होरपळलेलं असतं, त्यावर गोळीचा भार पडतो.

एक गैरसमज जिवावर बेततो. घाम येतोय म्हणजे ऊन लागलं नाही, असं धरू नका. राबणाऱ्या माणसाला घामाने ओलं असतानाही उष्माघात होतो. खरी खूण आहे बरळणं, तोल जाणं, झटके किंवा बेशुद्धी.

अशा वेळी 108 ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत आणून कपडे उतरवा. विहिरीचं, बोअरचं, मिळेल ते पाणी अंगभर ओता आणि दोघांनी सुपाने, पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. ओली चादर गुंडाळून ठेवाल तर ती तापते आणि वाराही अडतो. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काख, जांघेत ठेवा. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो आतल्यापेक्षा कमी दाखवतो. कापरं भरलं तर पाणी थांबवून नुसता वारा घाला, कारण कापऱ्याने उष्णता पुन्हा तयार होते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी किंवा कांद्याचा रस घालू नका, तो श्वासनलिकेत जातो.

प्रश्न : आई 78 वर्षांची आहे. भर उन्हाळ्यातही पाणी मागत नाही, तहानच नाही म्हणते.
— एक वाचक, दर्यापूर (अमरावती)

उत्तर : ती खरंच बोलते आहे. रक्त एक-दोन टक्क्यांनी घट्ट झालं की हायपोथॅलॅमस तहान जागी करतो आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं संप्रेरक पिट्युटरीतून सोडायला लावतो. वयानुसार तहानेचा इशारा मंदावतो, मूत्रपिंडांची पाणी राखायची ताकदही घटते. म्हणून विचारू नका, घड्याळ बघून जागेपणी दर तासाला अर्धा-एक पेला हातात द्या. कैरीचं मीठ-गुळाचं पन्हं उत्तम, मधुमेह असेल तर ताक. लघवी गर्द पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर पाण्याचं आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून मार्चमध्येच ठरवून घ्या. गोळी मनाने बंद करू नका.

प्रश्न : पुण्याहून आलेला मुलगा वखरणीला तासाभरात गळाठतो, आम्ही दुपारपर्यंत टिकतो. तो नाजूक झाला का?
— एक शेतकरी, आर्वी (वर्धा)

उत्तर : नाही. तुमच्या शरीराला उन्हाची सवय झाली आहे. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणीही वाढलेलं असतं. हा बदल व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला तासभरच कामाला लावा, तेही सकाळी 9 च्या आत. मग रोज थोडं वाढवा. महिनाभर पुण्याला राहून परत आला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.