झाडं आणि आपण : ज्वालामुखीचा धूर, मेथी आणि बेदाण्याची धुरी

प्रश्न : मी सांगलीची, सध्या सहा महिने लेकीकडे हवाईला आलेय, बिग आयलंडच्या दक्षिणेला पाहाला गावाजवळ. इथला किलाउएआ ज्वालामुखी मधूनमधून पेटतो. मागच्या वेळी दिवसभर धुराचा वास होता आणि दोन दिवसांत गुलाब, टोमॅटो आणि मी कुंडीत लावलेली मेथी यांची पानं मधेमधे पांढरट होऊन कागदासारखी वाळली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आंब्याची कोवळी पानंही करपलीत, लिंबाला मात्र काहीच नाही. बुरशी समजून औषध आणायला निघाले होते. जावई म्हणतायत आंबा छाटूनच टाकू. आणि अंगणात सोनेरी केसांसारखं काहीतरी पडलंय, ते काय असतं?

उत्तर : काकू, औषध आणू नका आणि करवत पण आत ठेवायला सांगा. ही बुरशी नाही. बुरशी एका झाडावर सुरू होते, हळूहळू पसरते, ठिपक्याला बहुतेक वेळा कडा किंवा वलय असतं. तुमच्याकडे गुलाब, टोमॅटो, मेथी असा काही संबंध नसलेला गोतावळा एकाच वेळी, दोन दिवसांत करपला, आणि तेही शिरा सोडून मधला भाग, म्हणजे हे हवेतून आलंय. सल्फर डायऑक्साइड. पानाच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, पर्णरंध्रं, झाड त्यातूनच श्वास घेतं आणि हा गॅसही तिथूनच आत शिरतो, आतल्या ओलाव्यात विरघळून आम्ल होतो आणि हिरवा रंग जिथे तयार होतो त्या पेशीच जाळतो. दिवसा, दमट हवेत, भरपूर पाणी प्यालेल्या झाडाची ही भोकं मस्त उघडी असतात, म्हणून गंमत बघा, जे झाड तुम्ही सकाळी मायेने भरपूर पाणी घालून तरारून ठेवलं तेच जास्त भाजतं आणि कोपऱ्यातलं तहानलेलं वाचतं. तिथलं रानातलं ओहिआ नावाचं झाड तर गॅस आला की भोकं मिटून घेतं, म्हणून लाव्हाच्या शेजारीही ते उभं असतं.

लिंबू वाचलं यातही नवल नाही, लिंबूवर्गीय झाडं, मका, कांदा हे या गॅसला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पालक, लेट्यूस, बीन्स आणि लसूणघास मात्र लगेच मान टाकतात, आणि मेथी लसूणघासाच्याच घराण्यातली.

पाहालाचीच पंचाईत का, तर वारा. तिथे बहुतेक दिवस ईशान्येकडून वारा वाहतो, तो शिखरावरचा धूर नैर्ऋत्येला तुमच्या काऊ भागावर ढकलतो, मग तो डोंगराला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाकडे जातो. कोनाला पोचेपर्यंत बऱ्याच गॅसचे बारीक आम्लयुक्त कण झालेले असतात, त्या धुरकट हवेला तिथे व्हॉग म्हणतात. वारा पडला किंवा उलटा फिरला की मग पूर्व किनाऱ्यावरच्या हिलो गावाची पाळी. २००८ च्या मार्चमध्ये शिखरावरच्या हालेमाउमाउ विवरात नवं तोंड उघडलं तेव्हा काऊतल्या प्रोटिया फुलांच्या शेतकऱ्यांचं जबर नुकसान झालं होतं. डिसेंबर २०२४ पासून तिथे लाव्हाची कारंजी ठरावीक अंतराने उडतायत, मधल्या शांत दिवसांत साधारण हजार-दीड हजार टन गॅस रोज निघतो आणि कारंजं उडत असताना दिवसाला ५० हजार टनांच्याही पुढे जातो, म्हणून एरवी तीन आठवडे सगळं ठीक आणि मग एका दिवसात मेथीची वाट लागते.

आता करायचं काय. धूर येणार असं कळलं की कुंड्या घरात किंवा प्लास्टिकखाली घ्या, त्या दिवशी सकाळी पाणी घालू नका. धूर निघून गेला की नळीने पानं वरून-खालून धुवून काढा, पानावर बसलेलं आम्ल आणि राख तरी जाते. करपलेलं पान परत हिरवं होणार नाही, पण अर्ध्या पानाचा हिरवा भाग अजून झाडाला जेवू घालतोय, तो तोडू नका, खतही लगेच ओतू नका. आंब्याला नवी पालवी येईल, नाही आली तर मग कात्री, तीही वाळलेल्या टोकांनाच. वर्षातून एकदा मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या, आंबट झाली असेल तर चुना.

सोनेरी केस म्हणजे काच! लाव्हाचे थेंब वाऱ्याने ताणले जाऊन तार होते, तिथे त्याला पेलेचे केस म्हणतात, पेले ही त्यांची ज्वालामुखीची देवी. उघड्या हाताने चुरगाळू नका, डोळ्यात जाऊ देऊ नका. पालेभाजी दोन-तीन पाण्यातून काढा, आणि त्यातही शंका वाटली तर ती जुडी सरळ टाकून द्या, मेथी परत उगवेल. लेकीकडे छपराचं पाणी टाकीत साठवत असतील (त्या भागात बरेच लोक साठवतात) तर धुराच्या दिवशी पन्हाळीचा पाइप टाकीपासून काढून ठेवायला सांगा. आंबट पाऊस जुन्या छपरातलं आणि नळातलं शिसं विरघळवतो, असं शिसं तिथल्या घरांत सापडलेलं आहे. झाडांपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

प्रश्न : आम्ही तासगावचे द्राक्षवाले. भुरीसाठी (पानांवरची पांढरी बुरशी) गंधक वर्षानुवर्षं धुरळतोय. मग ज्वालामुखीतल्या गंधकाने झाडं मरतात हे कसं?

उत्तर : दादा, तुमच्या घरीच उत्तर आहे. पिवळी पूड म्हणजे नुसतं गंधक, ते पानावर बसून बुरशीला मारतं (भर उन्हाच्या कडाक्यात मारलं तर तेही पान भाजतं, हे तुम्हाला मी सांगायला नको). पण तेच गंधक पेटवलं की सल्फर डायऑक्साइड होतो. बेदाण्याला धुरी देता ना? त्या धुरीनेच हिरवा मणी सोनेरी होतो, म्हणजे गॅस रंग खातो हे तुम्ही दर हंगामात बघता. एक्स्पोर्टच्या द्राक्षपेटीत ठेवतात तो गंधकाचा पॅडही तोच गॅस हळूहळू सोडतो, पॅड जास्त झाला की देठाजवळ मणी पांढरा पडतो. काकूंच्या मेथीला झालं ते हेच, फक्त खोली म्हणजे अख्खा तालुका आणि धुरी कधी थांबवायची ते आपल्या हातात नाही.

प्रश्न : ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड पण निघतो आणि झाडांना तर तोच लागतो. मग झाडं उलट जोमात वाढायला हवीत ना? (बारावी, पुणे)

उत्तर : प्रश्न झकास आहे. हवेतून थोडा जास्त मिळाला तर पानाला चालतोही, पण मुळांना ऑक्सिजन लागतो हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि आपण विसरतो. कॅलिफोर्नियात मॅमथ माउंटन या ज्वालामुखीच्या डोंगराला १९८९ मध्ये भूकंपांची मालिका झाली, नंतर १९९० पासून हॉर्सशू तळ्याजवळची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. आधी दुष्काळ आणि किडींवर संशय गेला. मग मातीतली हवा मोजली तर त्यात कार्बन डायऑक्साइड २० पासून ९० टक्क्यांच्याही वर! खालून झिरपणाऱ्या गॅसने मुळं गुदमरली, पानांचा काही दोषच नव्हता. शंभरेक एकर जंगल गेलं. तिथे खड्ड्यात उतरू नका असे बोर्ड लावलेत, हा गॅस जड असतो, खोलगट जागी साचतो.

प्रश्न : अशा ठिकाणची फळं खाल्ली तर चालतात का?

उत्तर : गंधकाच्या धुरातलं फळ धुऊन, साल काढून खा, काही होत नाही, डाग दिसायला वाईट एवढंच. काही ज्वालामुखींच्या धुरात फ्लोरिनही असतं, त्याचं वेगळं. तो गॅस पानाच्या टोकाला आणि कडेला जाळतो, आणि गवतात साठत जातो. आइसलँडमध्ये १७८३ ला लाकी ज्वालामुखीची भेग फुटली, आठ महिने धुमसत होती, ते गवत खाऊन मेंढ्यांचे दात-हाडं बिघडली आणि बहुतेक मेंढ्या मेल्या, पुढच्या दुष्काळात देशातली पाचातली एक माणसंही. त्यामुळे असल्या राखेखालचा चारा जनावराला घालू नये, फळाचं एवढं नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात हे कधी होऊ शकतं का?

उत्तर : आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय, काळी माती त्याचीच. ज्वालामुखी नाही, पण कोळसा जाळला की हाच गॅस निघतो. औष्णिक वीज केंद्राच्या वाऱ्याच्या दिशेला बाग असेल आणि पानं शिरा सोडून पिवळी पडत असतील तर फोटो पाठवा, पानाच्या दोन्ही बाजूंचे, आणि वारा कुठून येतो तेही लिहा.