पाणवठा सोडू नकोस

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानालगतच्या एका खासगी अभयारण्यात चार दिवसांत सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो (आफ्रिकेतली रानम्हैस) असे पाचही पाहून झाले, दोन हजार छायाचित्रे काढली, आणि घरी परतल्यावर त्यातले एकही उघडून पाहावेसे वाटले नाही. माझ्यातच काही कमी आहे का, असे तू विचारतेस. तुझ्यात काही कमी नाही. तू एकाही प्राण्यापाशी पुरेशी थांबली नाहीस, एवढेच झाले आहे. त्याच पत्राला पुढच्या वर्षीचा नऊ दिवसांचा बेतही तू जोडला आहेस: बोट्स्वानातले चोबे आणि ओकावांगो, व्हिक्टोरिया धबधबा आणि वेळ उरला तर नामिबियातले इटोशा राष्ट्रीय उद्यान. तो वाचून मी खरोखर वैतागलो. तहानलेल्या माणसाने चार विहिरींच्या काठावर डोकावून यावे आणि एकीतही पोहरा सोडू नये, तसा हा बेत आहे.

ही सवय आपण ताडोब्याहून नेतो, हे तुला सांगायला नको. कुठे कॉल झाला, म्हणजे वाघाच्या चाहुलीने हरणा-माकडांनी इशारा दिला, की सगळ्या जिप्सी गाड्या तिकडे धावतात, आणि वाघ दिसला नाही तर सकाळ फुकट गेली असे मानून आपण फाटकाबाहेर पडतो. दक्षिण आफ्रिकेत त्या धावपळीला 'बिग फाइव्ह'ची यादी मिळते आणि ती अधिकच वाढते. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत अवघड आणि जिवावर उठणारे, ते त्यांनी त्यात घातले; कॅमेरा घेऊन बसणाऱ्याने ती का पाळावी, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. तुझ्या गाडीच्या पुढच्या टोकावर, उघड्या आसनावर माग काढणारा माणूस बसला असेल. धुळीतला कोणता ठसा पाहून त्याने हात वर केला, याबद्दल तुझ्या सहा पानी पत्रात एक ओळही नाही.

तुझ्यावर रागावण्याचा अधिकार मला फारसा नाही. अकरा वर्षे मी एका पर्यटन कंपनीसाठी मराठी गट घेऊन तिकडे जात होतो आणि हीच घाई मी लोकांना शिकवली. इटोशातल्या ओकाउकुएयो मुक्कामी, छावणीच्या दगडी भिंतीलगत एक पाणवठा आहे. रात्री त्यावर दिवे असतात आणि मुक्कामाला राहिलेल्यांना तिथल्या बाकांवर हवे तितका वेळ बसता येते. एकदा आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका तिथे शाल गुंडाळून बसल्या होत्या. "अजून थोडा वेळ बसले तर चालेल का?" असे त्यांनी विचारले. जेवणाची वेळ झाली होती, पहाटे लवकर निघायचे होते. मी "चला, उद्या पुष्कळ दिसेल" म्हणालो. त्या मुकाट्याने उठल्या. त्या रात्री काळ्या गेंड्याची मादी पिलाला घेऊन पाण्यावर आल्याचे सकाळी न्याहारीच्या वेळी इतरांकडून कळले. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला अजून टोचते.

ती नोकरी सोडल्यावर मी पुन्हा तिथे गेलो आणि पाच रात्री त्याच बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या बेतात असताना, एक जिराफ आले. पाण्यापासून वीसेक पावलांवर ते थांबले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग एक पाऊल, पुन्हा थांबणे. काठाशी आल्यावर त्याने पुढचे पाय थोडे फाकवले, मान खाली आणली, ओठ पाण्याला लागणार तोच ते झटक्यात ताठ उभे राहिले. असे चार वेळा झाले. मान खाली गेलेले, पाय फाकलेले जिराफ चटकन पळू शकत नाही आणि ते त्याला पक्के ठाऊक असते. पाऊण तासाने ते पाणी न पिताच परत गेले. अंधार पडल्यावर पलीकडच्या दगडांआडून एक सिंहीण उठली आणि सावकाश पाण्यावर आली. ती पाऊण तास तिथेच होती. आम्हा कोणाला दिसली नव्हती. दहा मिनिटांत उठलो असतो, तर 'एक जिराफ' एवढीच नोंद वहीत राहिली असती.

म्हणून सांगतो, पाणवठा सोडू नकोस. माझ्यासोबत आता येणारे लोक कुरकुरतात, काका गाडी सुरूच करू देत नाहीत म्हणतात, दोघे तर मधूनच निघून गेले. जाऊ देत. अकरा वर्षे लोकांना उठवले, आता मी कोणालाही उठवणार नाही आणि त्याबद्दल माफीही मागणार नाही.

चोबे वाईट नाही. ओकावांगो तर अद्भुत आहे. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस सपाट प्रदेशातून वाट काढत काही महिन्यांनी, बोट्स्वानात ऐन कोरडा हिवाळा असताना तिथे पोहोचतो. पण त्यासाठी वेगळे वर्ष ठेव. या खेपेला नऊही दिवस इटोशाला दे. तिथे केप बफेलो नाहीतच, त्यामुळे यादी पूर्ण होण्याची भीती नाही. जून ते ऑक्टोबरमध्ये जा. पाऊस नसतो, रानातले पाणी आटलेले असते आणि प्राण्यांना पाणवठ्यावर यावेच लागते. नामिबियाची राजधानी विंडहुक, तिथून ओकाउकुएयो सुमारे साडेचारशे किलोमीटर, रस्ता डांबरी आहे. दिवसा जवळच्या नेब्राउनी पाणवठ्यावर गाडी बंद करून बस; तिथल्या मातीत लोळून हत्ती पांढुरके झालेले असतात. दिवसा गाडीतून उतरायचे नाही, त्यामुळे पाणी आणि खाणे सोबत ठेव. रात्री कडाक्याची थंडी पडते. स्वेटरवर भागणार नाही, जाड रजई घे.

आणि जिराफ आले तर घड्याळ पाहून ठेव. किती वेळ थांबले, किती वेळा मान खाली केली आणि शेवटी पाणी प्यायले की नाही, ते मला लिहून कळव.

तुझा,
काका