कानातलं मोडू नका, आधी सरकारी दवाखाना गाठा

"ताई, माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा. दोन वर्षं ब्राउन शुगर ओढतोय, काम सुटलं. आई चार घरची धुणीभांडी करते. एका खासगी केंद्राने महिन्याला 15 हजार सांगितलेत. आई कानातलं मोडायला निघालीय. सरकारी दवाखान्यात फुकट गोळी मिळते म्हणे. पण मामा म्हणतो, एक नशा सोडून दुसरी कशाला लावून घ्यायची? काय करू?"

अगं, आधी आईला थांबव. 14446 ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. तिथे विचार, जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर, औषधोपचार होतात. काही रुग्णालयांत केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या पैशावर उपचार केंद्रं चालतात. तपासणी फुकट, औषध फुकट. सुईने नशा घेणाऱ्यांसाठी 'नाको'ची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) ओएसटी केंद्रं, म्हणजे नशेऐवजी औषध देणारी केंद्रं, वेगळी.

आता मामा. ती गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. अफूच्याच जातीची, तेवढं त्यांचं खरं. पण तिचा अंमल हळू चढतो, बराच वेळ टिकतो आणि एका मर्यादेपुढे वाढत नाही. वरून गर्द ओढली तरी पूर्वीसारखी किक बसत नाही. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर अंगाला होणारा त्रास, लागत नाही, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या पैशांमागे धावावं लागत नाही. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला मामा नशेडी म्हणतात का?

गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची, गिळली तर वाया. बऱ्याच ठिकाणी नर्ससमोरच घ्यावी लागते. पहिला डोस मात्र टर्की सुरू झाल्यावरच: नाक गळतंय, जांभया येतायत, अंगावर काटा येतोय, तेव्हा. गर्द अंगात असताना घेतली तर उलट जोराची टर्की लागते. म्हणून शेवटचं कधी ओढलं ते डॉक्टरला खरं सांगायचं.

नुसतं कोंडून ठेवण्याची मला भीती वाटते. महिनाभरात शरीराची सवय मोडते, पोरगा बाहेर येऊन जुनाच डोस घेतो आणि श्वास बंद पडतो. साखळीने बांधणारं केंद्र दिसलं तर तिथून परत फिर; मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार तो गुन्हा आहे.

गोळी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. घाईने बंद करू नका. रोजच्या हेलपाट्यांचा खर्च मात्र होईल. मामांना सांग, सल्ला पुरे, पहिल्या महिन्याचं बसभाडं द्या.