एस्प्रेसो मशीन सहा महिन्यांत वसूल होईल?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात भाड्याने राहणारा आयटीतला एक तरुण. हातात पगार ७८ हजार, भाडं २० हजार, एसआयपी १२ हजार, कर्ज नाही, अडीनडीला बाजूला ठेवलेले ९० हजार. महिन्याला कॅफेत साधारण २० कॅपुचिनो होतात, २०० रुपयांना एक, म्हणजे ४ हजार. डेलोंगी कंपनीचं डेडिका हे एस्प्रेसो मशीन त्यांना २४ हजारांना मिळतं आहे, १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. ‘सहा महिन्यांत पैसे वसूल, पुढचं सगळं फायद्यात. हप्त्यासाठी वर्षभर एसआयपी १० हजार करतो. घेऊ ना?’

तुमच्याच पत्रात एक गोम आहे. मशीनमुळे महिन्याला ४ हजार वाचणार असतील, तर २ हजारांच्या हप्त्यासाठी एसआयपीला हात लावायची वेळ का येते? कॅफे बंद होणार नाही, हे आतून तुम्हालाही ठाऊक आहे.

त्या २० कपांची फोड करू. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, म्हणजे महिन्याचे १२ कप तिथले. तो कप निव्वळ कॉफीचा नसतो. टीममधली मंडळी उठतात, तुम्हीही उठता. घरी मशीन आलं म्हणून तुम्ही खुर्चीला चिकटून बसणार नाही. राहिले शनिवार-रविवारचे ८. मशीनने खरोखर वाचतील ते हेच.

घरचा कपही फुकट नाही. चिकमगळूर-कोडगूच्या चांगल्या ताज्या बिया पाव किलोला ५०० रुपये धरा. कॅपुचिनोत घालायच्या कडक कॉफीला, म्हणजे एस्प्रेसोच्या डबल शॉटला, १८ ग्रॅम लागतात, म्हणजे पाकिटात १३ शॉट. दर नव्या पाकिटाला दळण जुळवावं लागतं. १८ ग्रॅम पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरायला हवी. दहा सेकंदांत भसाभस खाली आली की आंबट पाणी, ते सिंकमध्ये. ग्राइंडर दोन खटके आवळायचा आणि पुन्हा. त्यात दोन शॉट गेले तर हाती ११ कप. एका कपाला बियांचे ४५, दुधाचे १०, थोडी वीज. ६० रुपये धरा. म्हणजे कपामागे बचत १४० आणि ८ कपांची महिन्याला १,१२०.

आता खर्चाची बाजू. ‘ग्राइंडर नंतर बघू’ असं तुम्ही एका ओळीत उडवून लावलंय. खरी मेख तिथेच आहे. दळून आणलेली पूड पाकीट फोडल्यावर काही दिवसांतच चवीला उतरते, आणि मिक्सरमध्ये दळलं तर अर्धं पीठ, अर्धा रवा. एस्प्रेसोइतकं बारीक आणि एकसारखं दळणारा हाताने फिरवायचा ग्राइंडर सहा-सात हजारांच्या घरात पडतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, दुधाचा जग, पूड दाबून बसवायचा बरा टॅम्पर यांचे अडीच हजार. बेरीज ३३ हजार. महिन्याला १,१२० ने भागलंत तर वसुलीला अडीच वर्षं. घरून काम करता त्या दिवशी सध्या चहा होतो; तिथे कॉफी आली की महिन्याला आणखी आठेक कप, म्हणजे ४८० चा नवा खर्च. मग हीच वसुली चार वर्षांपलीकडे जाते. आणि मशीन आहे म्हटल्यावर मित्र येणारच.

याचा अर्थ घेऊ नका असा नाही. हौसेला मोल नसतं आणि तुमच्या पगारात ३३ हजारांची हौस बसते. फक्त तिला बचतीचं लेबल लावू नका. एसआयपीतले ते पैसे वीस वर्षांनी किती झाले असते हे गणित मी मांडणार नाही. त्या हिशेबाने माणसाने सिनेमाही पाहू नये. पण हौसेचे पैसे हौसेच्या खात्यातून, म्हणजे त्या ४ हजारांतून निघाले पाहिजेत. तुमचे ९० हजार दोन महिन्यांनाही जेमतेम पुरतील, त्यांनाही हात नको.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल: शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आता व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवतात आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी, वर प्रक्रिया शुल्क. १६ टक्के दर धरला तर २४ हजारांवर हे सगळं मिळून पाच-सहाशे रुपये होतात. रक्कम मोठी नाही. पण रोखीने घेणाऱ्याला मिळणारी वेगळी सूट हुकली तर खरा फरक तिथे पडतो.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम उलटा लावला असता. आधी ग्राइंडर आणि काटा, सोबत हजार-दीड हजारांचा साधा मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायची कॉफीची किटली. त्याचा दाब एक-दोन बारच असतो, त्यामुळे ती एस्प्रेसो नव्हे. पण दुधात घातल्यावर दाट, कडक लागते, आणि गरम दूध फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याला जाळी असलेल्या कॉफीच्या भांड्यात, वर-खाली केलं की फेसही येतो. तीन महिने शनिवार-रविवार हे करून बघा. सकाळी उठून दळायचा, भांडी धुवायचा कंटाळा आला तर २४ हजार वाचले. टिकलात तर वाचलेले पैसे वेगळे साठवा, त्यात कॅफेच्या बजेटमधून थोडी भर टाका आणि दिवाळीच्या सेलमध्ये एकरकमी घ्या.

नऊ-दहा हजारांच्या मशीनचं विचारलंत. त्यात पंप आहे का, एवढं आधी बघा. पंपाशिवाय नुसत्या वाफेवर चालणारं मशीन म्हणजे विजेवरचा मोका पॉट. पंप असेल तर नवशिक्याला ते वाईट नाही. खोक्यावरच्या ‘१५ बार’ला मात्र भुलू नका; एस्प्रेसोला ९ पुरतात. या मशीनमध्ये, आणि डेडिकासोबतही, पूड भरायची दुहेरी तळाची जाळी येते. ती एका बारीक भोकातून कॉफी ढकलून फेस आणते, त्यामुळे दळण थोडं चुकलं तरी चालून जातं. चांगला ग्राइंडर हाती आल्यावर साधी एकेरी जाळी घ्यायची. डेडिकासाठी ५१ मिमीची सहज मिळते. मला विचाराल तर चांगला ग्राइंडर आणि स्वस्त मशीन ही जोडी, महाग मशीन आणि पाकीटबंद पूड या जोडीपेक्षा केव्हाही सरस.

जुनं मशीनही बघा. उत्साह ओसरलेले लोक जवळपास नवं मशीन विकायला काढतात. विक्रेत्याला समोर एक शॉट काढायला सांगा, कडेने पाणी गळतंय का आणि वाफेची नळी जोरात चालते का ते पाहा, मगच पैसे द्या.

वाढीव वॉरंटीच्या फंदात पडण्याआधी तिच्या अटी वाचा. क्षार साचून झालेला बिघाड त्यातून वगळलेला असू शकतो, आणि तुमच्या सोसायटीत बोअर-टँकरचं पाणी असेल तर पहिला धोका तोच. त्यापेक्षा गाळलेलं मऊ पाणी वापरा, दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढायच्या द्रावणाने मशीन धुवा, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे का ते खरेदीआधी फोन करून विचारा.