बफरमध्ये जमतं, सीरममध्ये बिनसतं

प्रश्न : कार्बनच्या छापील इलेक्ट्रोडवर सीईए या कर्करोग-चिन्हकाचं प्रतिपिंड बसवून इम्पिडन्स, म्हणजे विद्युत रोध, मोजते आहे. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आलेख छान येतो. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) मात्र सीईए न मिसळताही रोध वाढतो, तोही रोज वेगळा. चुकतंय कुठे?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हा रोध बहुधा अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाचा. सीरमच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन असतं ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि सीईएची नेहमीची वरची मर्यादा ५ नॅनोग्रॅम. म्हणजे ८० लाख पटींची गर्दी. मोकळी जागा दिसली की अल्ब्युमिन तिथे ठाण मांडतं, आणि रोध मोजण्यासाठी घातलेल्या फेरीसायनाइडला वाट अडवणारा कोण याच्याशी देणंघेणं नसतं.

आधी ईडीसी, म्हणजे प्रतिपिंड इलेक्ट्रोडला जोडणारं रसायन, तपासा. बाटली उणे २० अंशांवरून काढल्याबरोबर उघडली तर दमट हवा आत शिरते आणि ईडीसी निकामी होतं. पावसाळ्यात तर हमखास. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, द्रावण त्याच वेळी करा. ०.२ मोलर ईडीसी, ०.०५ मोलर एनएचएस (त्याचं जोडीदार रसायन), १५ मिनिटं. ट्रिस किंवा ग्लायसिन असलेलं बफर जवळपासही नको, त्यांचे अमाइन गट प्रतिपिंडाची जागा बळकावतात. प्रतिपिंडानंतर ईडीसीने जागवलेले उरलेले गट १ मोलर इथेनॉलअमाइनने (पीएच ८.५) १० मिनिटं बंद करा, मग मोकळी जागा भरायला १ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) अर्धा तास.

‘रोज वेगळा’ याचं उत्तर कदाचित तुमच्या खोलीत आहे. बडोद्याच्या मे महिन्यात ५० मायक्रोलिटरचा थेंब बघता बघता आटतो, क्षार दाटतात, कडेला प्रथिनांचं कडं उरतं. झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू ठेवून त्यात इलेक्ट्रोड ठेवा.

सीरम दहापट पातळ करा, पण ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) घातलेल्या पीबीएसने (फॉस्फेटच्या खाऱ्या बफरने). नुसत्या पाण्याने नाही. छापील संदर्भ इलेक्ट्रोड चांदीचा असतो, क्लोराइड दहापट घटलं की त्याचं विभव सुमारे ५९ मिलिव्होल्ट सरकतं. त्यामुळे मोजणीही सीरममध्ये करू नका: धुवा, फेरी-फेरोसायनाइडचा ताजा थेंब टाका, मग मोजा. पातळ केल्यावर ५ चे ०.५ नॅनोग्रॅम उरतात, तेवढं तुमच्या इलेक्ट्रोडला दिसायला हवं.

शेजारी एक जोडीदार इलेक्ट्रोड ठेवाच: त्याच मात्रेत, पण सीईएला न चिकटणारं उंदराचं आयजीजी (साधं प्रतिपिंड) बसवलेला. दोन्हींत रोध सारखाच वाढला, तर तो सीईएचा नव्हे. शिवाय निरोगी सीरममध्येही सीईए शून्य नसतं, धूम्रपान करणाऱ्यांत तर जास्तच. म्हणून कोऱ्या सीरमवर विसंबण्यापेक्षा एकाच नमुन्यात २, ५, १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिसळून वाढ मोजा. लालसर दिसणारं, रक्तपेशी फुटलेलं सीरम सरळ बाजूला काढा.

प्रश्न : ग्लुकोमीटरसारखी पीएसएची (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी तपासलं जाणारं प्रथिन) पट्टी घरोघरी का नाही?
— एक वाचक, मांडवी, बडोदे

उत्तर : साखर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास, पीएसएची प्रचलित मर्यादा ४ नॅनोग्रॅम; अडीच लाख पट कमी. साखरेच्या पट्टीत विकर (एन्झाइम) स्वतःच ग्लुकोजपासून प्रवाह घडवतं, इथे मात्र पकडा, धुवा, मग मोजा. धुणं घरी जमवायचं हीच खरी अडचण. आणि प्रोस्टेट नुसती वाढली किंवा सुजली तरी पीएसए चढतं, तेव्हा आकडा दिसला तरी डॉक्टरांकडे जावं लागेलच.