ब्रेकचा निपल (आतली हवा आणि जुनं ऑइल काढायचा छोटा स्क्रू) जाम झालाय, पान्याने गोल पण झालाय. मेकॅनिक म्हणतो अख्खा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भागच बदला. घरी निघेल का?

निघतो हो, बऱ्याचदा निघतो. कॅलिपर बदला म्हटलं म्हणून लगेच पैसे काढू नका, कारण निपल गोल बहुतेक त्यानेच फिक्स पाना लावून केलाय. निपलला फिक्स पाना लावणाऱ्याच्या हातात मी माझी गाडी देत नाही, स्पष्ट सांगते. सहा कोनांची गोटी (सॉकेट) लागते, बारा कोनांची पण नको.

आमच्याकडे इंदूरला हेच झालं होतं. महेश्वरला जायचं ठरलं, म्हणजे वाटेत भेरूघाट, आणि पेडल मला मऊ लागत होतं. मी म्हटलं ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय घाटात गाडी नेणार नाही. आमचे मोठे दीर म्हणाले, बदलायचं कशाला, वरून थोडं टाक, आणि ब्रेकला घरी हात लावायचा नसतो, त्यात बायकांनी तर... वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही पण ओटल्यावर बसलेल्या सगळ्यांना ते कळलं. माझे बाबा पीथमपूरला फिटर होते, पाने हातात घेतच मी मोठी झाले, पण सासरी ते कधी कुणी धरलंच नाही.

पुढचं डावं चाक काढलं तर निपलची रबरी टोपी गायब, भोकात चिखल वाळून घट्ट बसलेला, आणि कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये कडा आधीच खाल्लेल्या. सियागंजातून पेनिट्रेटिंग ऑइल आणलं, बुडाशी मारून रात्रभर राहू दिलं, सकाळी हातोडीने बाजूबाजूने हलकं ठोकलं म्हणजे ते आट्यांत उतरतं. गोटी फिरलीच, कडा उरल्या नव्हत्या. मग बाबांनी शिकवलेली युक्ती. निपल आतून पोकळ असतो, नुसती वाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पकड) लावली की चेपतो आणि मुंडी तुटते, म्हणून त्याच्या भोकात ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू बसेल तशी घालायची आणि मग बाहेरून ग्रिप आवळायची. निपल आधी किंचित आवळायचा, मग सैल, परत आवळायचा, परत सैल, घाई अजिबात नाही. हाताला रबर पिळल्यासारखं लागलं तर तिथेच थांबा, तो निपल पिळवटतोय, आटे सुटत नाहीयेत. खरा सुटला की टक् करून एकदम सुटतो. दीर शेजारी उभे राहून तुटेल तुटेल म्हणत होते आणि तो टक् करून सुटला. जे ऑइल बाहेर आलं ते काळं होतं. मी म्हटलं, भावोजी, हे बघा. ते म्हणाले, चालत होतं ना.

चालत नव्हतं! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल ताजं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की तीच हद्द १५५ च्या आसपास येते, आणि घाटात उतरताना ब्रेक तापले की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. त्या घाटात घरची माणसं बसवून गाडी उतरवायची असते, आणि म्हणे चालत होतं.

तुमचा तुटलाच तर उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून काढतात, त्या उष्णतेनेच आटे बरेचदा सुटतात. पण कॅलिपर गाडीवरून काढून, पिस्टन आणि रबर बाहेर काढून, ऑइल पूर्ण पुसूनच, कारण ब्रेक ऑइल पेटतं. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारून वेल्डिंग तर कधीच करू नका, विषारी गॅस होतो. हीट गन चालेल, पण रबर जागेवर असताना ज्योत नको. मागे ड्रम ब्रेक असेल तर एवढा खटाटोप करूच नका, व्हील सिलिंडर नवा टाका, स्वस्त मिळतो.

नवा निपल बसवताना टेफ्लॉन टेप लावू नका, तो आट्यांवर नाही, खालच्या निमुळत्या टोकावर सील होतो. म्हणून जोर लावून आवळायचाही नसतो. टोपी नक्की लावा. आणि हो, कॅलिपरमधलेच आटे गेले असतील तर मेकॅनिक बरोबर आहे, तिथे हट्ट करू नका. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि हवा त्याच्या युनिटमध्ये शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच ती निघते. हवा काढून झाली की पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला निपलपाशी ओल दिसते का ते बघायला सांगा, मगच गाडी रस्त्यावर.

आणि कुणी तुम्हालाही वरून टाका म्हटलं तर त्यांना सांगा, पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि डब्यातली लेव्हल आपोआप उतरते, म्हणजे आधी पॅड आणि गळती बघायची असते. वरून टाकल्याने आतलं जुनं ऑइल नवं होत नाही. आमच्या दिरांना हे मी सांगितलंय, ते अजून मानत नाहीत.